सिंधूताईच्या मागं बारा जण

लोणारच्या गुलाबरावाला बायकोचा चेहरा लख्ख आठवायचा, पण आवाज काही केल्या आठवायचा नाही. सिंधूताई जाऊन सात वर्षं झाली होती. फार जीव कासावीस झाला की तो ट्रंकेतून टेपरेकॉर्डर काढी. अर्जुनराव गुरुजींनी नवा घेतल्यावर जुना त्याला देऊन टाकलेला. दोन चकत्या आणि एकीवरून दुसरीवर गुंडाळत जाणारी तपकिरी फीत. तिच्यात सिंधूताईचं एकच गाणं होतं, गुरुजींनी बासष्ट साली विहारात भरून घेतलेलं. मागं फक्त गुलाबरावाची ढोलकी.

बाई गायची म्हणजे काय गायची! ती उभी राहिली की चहा पिणारे कप खाली ठेवत. शाळेचं तोंड पाहिलं नव्हतं तिनं, पण बुद्धाचं नाव ती असं घेई की घरी निघालेली माणसं दारातून परत येऊन बसत. चिखलीच्या एका लग्नात बारा माणसांचा ऑर्केस्ट्रा ऐकून ती म्हणाली होती, "माह्या मांगं एकडाव तरी एवढे लोक वाजवतीन काय हो?" गुलाबरावानं ते हसण्यावारी नेलं. पुढच्याच वर्षी ती बाळंतपणात गेली. आपण हसलो, हे त्याला फार लागून राहिलं.

एकाहत्तर साली बुद्धपौर्णिमेच्या आठ दिवस आधी तो यंत्र उचलून थेट चिखलीला गेला, इंद्रभान मास्तराकडं. ऑर्केस्ट्राचा हा मास्तर भारी तोऱ्यातला माणूस. पण फीत ऐकली आणि क्लॅरोनेट मांडीवर ठेवून त्यानं ती पुन्हा लावायला सांगितली.

"पौर्णिमेले कर्ण्यावर हे गाणं लावू," गुलाबराव म्हणाला. "मांगून तुमी वाजवा."

"वाजवतो दादा. फुकट वाजवतो."

रोज दुपारी तालीम सुरू झाली. सिंधूताईचं गाणं मोठं लहरी. मध्येच थांबे, मनाला येईल तिथं सूर लांबवी. मास्तरानं तिची एकेक जागा टिपून घेतली. ती गाते तिथं वाद्यं दबकी, ती थांबते तिथं क्लॅरोनेट. चौथ्या दिवशी असं काही जमलं की गुलाबराव सगळ्यांदेखत रडला.

आणि तिथंच त्याला हाव सुटली.

"मास्तर, हे असंच्या असं फितीत भरून घेऊ."

"अन् बाईचा आवाज?"

"तो त हायेच आतमंदी. तुमी निसते वाजवा. वरून बसते."

हसू नका. एका वावरात कपाशी आणि तूर दोन्ही उगवतात, मग एका फितीत बाई आणि बारा जण का मावू नयेत? मास्तरालाही ते पटलं. भरताना दोन कळा एकदम दाबायच्या, एवढं गुलाबरावानं गुरुजींना पाहून शिकून घेतलं होतं. त्यानं फीत मागं नेली आणि कळा दाबल्या. बारा जण त्याच्या ओठांकडं बघत वाजवू लागले, कारण तो आवाज न करता तिचे शब्द म्हणत होता. इतकं गोड त्यांनी आयुष्यात कधी वाजवलं नव्हतं.

मग फीत लावली. सुरुवात झकास झाली. तिच्या पहिल्या ओळीशी वाद्यं अदबीनं खाली आली, आणि पुढं काहीच आलं नाही. ती थांबायची तिथं क्लॅरोनेट अगदी वेळेवर उठली. गुलाबरावानं आवाज पुरता वाढवला. फीत चार वेळा मागं नेऊन ऐकली. नवं भरलं की जुनं पुसून जातं, हे त्या खोलीत कोणाला ठाऊक नव्हतं. आता सगळ्यांना कळलं.

"दादा, मले मापी करा," मास्तर म्हणाला.

"तुमचं काय चुकलं? कळा म्याच दाबल्या."

पौर्णिमेला तो विहारात भिंतीला टेकून बसला होता. सिंधूताईबरोबर गायला उभी राहणारी झुंबरबाई जवळ आली. "फीत गेली त जाऊ द्या, गुलाबदादा. गाणं मी म्हणतो. तिची चाल तेवढी गुणगुणून दावा, तुमच्याबिगर कोनाले याद हाये?"

त्यानं डोळे मिटले, गुणगुणू लागला. झुंबरबाईनं थोडा वेळ ऐकून घेतलं. मग तिनं त्याच्या हातावर हात ठेवला.

"हे तिचं नाही, दादा. हे त बाजेवाल्याचं हाये."

त्यानं पुन्हा सुरुवात केली. पुन्हा क्लॅरोनेटच आली.