पाकिटातला मोठा भाऊ

मित्रांनो, फळा म्हटले की तुम्हाला खडू आठवेल. माझ्या अंगाला खडू कधी लागलाच नाही. मी एक जुना फ्लॅनेलचा फळा आहे, नागपूरच्या एका चर्चमधल्या संडे स्कूलचा. इतवारी बाजारातून आणलेले आकाशी फ्लॅनेल तिथे शिकवणाऱ्या नीलाबाईंनी स्वतः एका फळीवर ताणून बसवले, तोच माझा जन्म. बायबलच्या गोष्टींतल्या चित्रांच्या पाठीलाही तेच कापड. तळहाताने दाबले की चित्र मला चिकटते. उन्हाळ्यात मात्र कूलरच्या वाऱ्याने नोहाच्या जहाजातले हत्ती उडत आणि पोरे मोठ्या आनंदाने त्यांच्या मागे धावत.

माझ्यासमोर मांडी घालून बसणाऱ्या पोरांना आता मिशा आल्या. भेटली की ती विचारतात, "बाई, तुमचा तो फळा अजून आहे का?" बाई खूश होत. मीही फुगत असे, खोटे कशाला बोलू? पण अलीकडे मला चैन नाही. गोष्टीतले तेच मेंढरू हरवायचे, तेच सापडायचे. नव्या पोरांना ते नवेच असते, त्यांचे बरोबर आहे. पण बाईंचे काय?

येशूने सांगितलेली उधळ्या मुलाची गोष्ट बाईंची लाडकी. धाकटा मुलगा सगळे उडवून परत येतो, बाप धावत जाऊन त्याला पोटाशी धरतो, घरात मेजवानी होते. इथे बाई "आमेन" म्हणून चित्रे उतरवायला लागत. खरे तर गोष्टीत एक मोठा भाऊही आहे. तो शेतातून येतो, घरातले गाणे-बजावणे ऐकतो आणि रुसून दाराबाहेरच उभा राहतो. त्याचे चित्र कायम चित्रे ठेवायच्या पाकिटातच. "पोरायले ते समजत नाही," असे बाई म्हणत. बाकी सगळ्यांचे रंग उडाले, हा मात्र नवा कोरा राहिला.

बाईंना धाकटा भाऊ आहे, सुशील. वडील अंथरुणाला खिळले तेव्हा तो घर सोडून गेला, आणि त्यांच्या मातीलाही आला नाही. बाईंनी एकटीने सगळे केले. त्यांचे लग्नाचे वय त्या आजाऱ्याच्या खोलीतच सरले. आता सुशील उमरेडला राहायला आला आहे. दर रविवारी एसटीने येतो आणि शेवटच्या बाकावर बसतो. उपासना संपली की बाई मला काखेत मारून बाजूच्या दाराने निघतात. तेव्हा त्यांचे कोपर माझ्यात असे रुतते की मला त्यांची दया येते आणि रागही येतो. घरी गेल्यावर त्या मला कपाटात ठेवतात, पुन्हा काढतात, उगाच एखादे चित्र लावून पाहतात. त्यांनाही चैन नसते.

यंदा चर्चचे पाळक उन्मेषसाहेब म्हणाले, "नीलाताई, मोठ्यांचा वर्ग तुम्ही घ्या."

"मले लेकरायचंच जमते, साहेब."

"पाया तर भरून झाला, ताई. किती वर्षं तोच भरून राहिलो आपण? भिंती कवा उभ्या करायच्या?"

बाई नाइलाजाने तयार झाल्या आणि मलाच घेऊन गेल्या. मोठी माणसे मला पाहून हसली. सुशीलही तिथेच थांबला होता, मागच्या बाकावर. बाईंनी बाप लावला, धाकटा लावला, मेजवानी लावली. "आमेन," त्या म्हणाल्या.

पुढच्या बाकावरच्या म्हाताऱ्या वच्छलाबाईंना बाईंच्या घरचे सगळे ठाऊक होते. त्या हळूच म्हणाल्या, "नीला, मोठा पोरगा वावरातून आलाच नाही का वं?"

बाईंनी पाकीट उघडले आणि मोठ्या भावाला माझ्या कडेला, मेजवानीच्या दाराबाहेर दाबले. त्या कोपऱ्यात आजवर कोणी चित्र लावलेच नव्हते. तिथले माझे कापड अजून नवे होते. तो असा घट्ट बसला की मीच चपापलो.

"हा म्हणते," बाई सांगू लागल्या, "मी बापाजवळ राहिलो, सारं केलं." मग त्यांचा आवाज फिरला. "बाबाले मी उचललं. मी धुतलं, मी भरवलं. तवा हा धाकटा कुठं होता?" त्यांनी मोठ्या भावाच्या चित्रावर पुन्हा तळहात दाबला. "बाप याच्यासाठीही बाहेर आला. पण हा आत गेला का नाही, ते गोष्टीत सांगतलंच नाही."

मग त्या बाकांमधून चालत मागे गेल्या. सुशील उठून उभा राहिला.

"जेवून जाशील," बाई म्हणाल्या. "वरण-भातच हाये."

"हो, ताई."

बाईंचा राग गेला असे मला वाटत नाही. दोघे हातभर अंतर ठेवून बाहेर पडले, पण समोरच्या दाराने.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, असे माझे सगळे भाऊबंद तुम्हाला सांगतात. मी उलटे मागतो. माझ्यासमोर बसा, पहिल्या गोष्टी नीट शिका, आणि मग उठा. मला कायम काखेत घेऊन हिंडू नका.

त्या दुपारी मी चर्चमध्ये एकटाच भिंतीला टेकून होतो. कडेला मोठा भाऊ अजून उभा होता. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच नीलाबाई मला विसरून गेल्या होत्या, आणि इतके बरे मला कधीच वाटले नव्हते.