आठ पौंड जास्त

मी एक जुने गटिंगचे यंत्र आहे. टेनिसच्या रॅकेटला जी जाळी असते, ती माझ्यावर ओढून बसवली जाते. मित्रांनो, यंत्रे शांत असतात असे तुम्हाला वाटत असेल, तर तो गैरसमज आधी काढून टाका. मी गेली एकतीस वर्षे अस्वस्थ आहे. माझे कामच तसले. तारेचे टोक चिमट्यात धरायचे, दांडा फिरला की ओढत राहायचे, ठरलेला ताण आला की 'कट्' असा आवाज करून थांबायचे, आणि लगेच पुढची तार. मी निवांत असलो की समजावे, दुकानात गिऱ्हाईक नाही.

माझा जन्म फेंगयुआनच्या एका कारखान्यात झाला. तिथून मालगाडीने मी चियायी शहरात आलो, आणि बागेतल्या टेनिस कोर्टांना लागून असलेल्या जिआन उस्तादांच्या दुकानात मला जमिनीत बोल्ट ठोकून उभे केले. तेव्हापासून मी जागचा हललेलो नाही. उस्तादांचा हात फार सफाईचा होता. एक रॅकेट पंचवीस मिनिटांत होई. जाळी झाली की ते तिच्यावर बोटाने टिचकी मारत, कान लावत आणि मान डोलावत. रॅकेटच्या गळ्याशी तारीख आणि ताणाचे पौंड लिहिलेली बारीक चिठ्ठी चिकटवत. ती चिठ्ठी असली की कुणी वाद घालत नसे. लोक म्हणत, या यंत्रावर पन्नास म्हणजे पन्नास.

हे कौतुक ऐकून मी फुगून जाई. पण खरे सांगायचे तर त्यातला अर्धा वाटा उस्तादांच्या बायकोचा, शूलानबाईंचा होता. दर सोमवारी त्या रॉकेलचा बोळा घेऊन माझ्या ब्रेकमधला मळ काढत, दोन थेंब वंगण सोडत आणि स्प्रिंगचा काटा अडकवून मी किती ओढतो ते बघत. उस्ताद तेव्हा कोर्टावर खेळत असत. यंत्राला एवढे काही करावे लागते, हेच त्यांना माहीत नव्हते.

आता आमच्या सकाळच्या मंडळींबद्दल सांगतो. पहाटे साडेपाचला कोर्टावर आलेली ही माणसे आठच्या सुमारास दुकानाच्या पत्र्याखाली चहाला जमतात. त्यांत सर्वांत मोठा आवाज लाई काकांचा. ते अलीशान पर्वताच्या डोंगरगाडीवरून चालक म्हणून निवृत्त झाले. त्यांच्यासमोर उभ्या असतात आफेन मावशी. दुकानाच्या भिंतीला लागूनच त्यांची अंड्याच्या धिरड्यांची आणि सोयाच्या दुधाची गाडी आहे. वर्षभर ही माणसे काही ना काही कारणाने भांडतात, पण ऑक्टोबर लागला की विषय एकच. जगभर वर्षभर खेळून ज्यांचे गुण सर्वांत जास्त भरतात, अशा आठच पुरुष खेळाडूंना वर्षअखेरच्या मोठ्या स्पर्धेत घेतात. पहिल्या पाच-सहा जणांबद्दल कुणी बोलत नाही. सगळी हमरीतुमरी आठव्या जागेवरून.

युरोपातले सामने आमच्याकडे रात्री होतात, म्हणून मंडळी ते सकाळी चहाबरोबर दुकानातल्या टीव्हीवर बघतात. नियम असा की सामना बघून संपेपर्यंत निकाल कुणी बोलायचा नाही. जो बोलेल, त्याने सगळ्यांना धिरडी खाऊ घालायची. लाई काकांनी अशी पुष्कळ धिरडी घातली आहेत.

गेली चार वर्षे त्या आठव्या जागेच्या आसपास आमचा बोहान घुटमळतो आहे. आमचा अशासाठी की तो आफेन मावशींचा भाचा. त्यांनीच त्याला वाढवला. नऊ वर्षांचा असताना तो पहिली रॅकेट घेऊन माझ्यासमोर उभा राहिला, तेव्हा त्याची हनुवटी माझ्या टेबलापर्यंत पोचत होती. पुढची सहा वर्षे त्याची प्रत्येक रॅकेट मी ओढली.

मित्रांनो, इथून पुढचे सांगताना मला अवघड होते आहे.

बोहान चौदा वर्षांचा होता त्या उन्हाळ्यात शूलानबाई आजारी पडल्या. उस्ताद सकाळी दुकान उघडत, दुपारी दवाखान्यात जात. सोमवार आले आणि गेले. त्या वर्षी हवा फार दमट होती. माझ्या ब्रेकमध्ये मळ साचला, वंगणाचा चिकट गोंद झाला, आतून गंज धरला. मला थांबायचे तेव्हा थांबता येईना. उस्ताद मापावर पन्नास लावत आणि मी अठ्ठावन्नपर्यंत ओढून मग 'कट्' म्हणत असे. मला ते कळत होते. प्रत्येक तार ओढताना कळत होते. पण मला तेवढाच एक आवाज येतो, आणि तो ऐकून उस्ताद निर्धास्त होत. त्यांच्या कानालाही आता चुकीचाच सूर ओळखीचा झाला होता.

जाळी जितकी ताठ, तितका चेंडूचा हिसका हाताला जास्त; त्याच शरद ऋतूत बोहानचे कोपर सुजले. शूलानबाई चांद्र नव्या वर्षाच्या सणाआधी दहा दिवस गेल्या. मार्चमध्ये त्यांचा खण आवरताना उस्तादांना तो काटा सापडला. हे काय म्हणून त्यांनी तो मला अडकवला आणि दांडा फिरवला. काटा अठ्ठावन्नावर गेला. त्यांनी पुन्हा फिरवला, आणि पुन्हा. मग ते माझ्याशेजारच्या स्टुलावर बसले आणि दुकान बंद करायची वेळ होईपर्यंत उठले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला पूर्ण उघडून साफ केले. तेव्हापासून एकही सोमवार चुकलेला नाही. पण ही गोष्ट त्यांनी कुणालाही सांगितली नाही. पुढे बोहान काओशुंगच्या टेनिस प्रबोधिनीत गेला, मोठा झाला, जगभर खेळू लागला. आणि दर वर्षी ऑक्टोबर आला की त्याचे कोपर कुरकुरते.

म्हणून तुम्हाला सांगतो, आठव्या जागेचा वाद बाकीच्यांसाठी करमणूक होती. उस्तादांसाठी नव्हती. एकदा सगळे गेल्यावर ते रॅकेट ओढता ओढता माझ्याशीच बोलले. म्हणाले, "हा पोरगा एकदा त्या आठांत बसला ना, की मी समजेन आपण त्याचं काही बिघडवलं नाही." मी तार ओढत राहिलो. दुसरे काय करणार?

यंदा ते होईल असे वाटत होते. पॅरिसची शेवटची मोठी स्पर्धा सुरू झाली तेव्हा बोहान आठवा होता. नववा होता होलुबेक नावाचा एक उंच चेक खेळाडू, पंच्याऐंशी गुणांनी मागे. लाई काकांनी हिशेब भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवला होता: दोघेही तिसऱ्या फेरीत पोचले आहेत, जो पुढे सरकेल त्याला आणखी शंभर गुण. उस्ताद त्या कॅलेंडरसमोरून दिवसातून वीस वेळा जात.

"आफेन, तुझा भाचा म्हणजे आमची डोंगरगाडी," लाई काका म्हणत. "चढ झकास चढतो, पण शेवटच्या स्टेशनाच्या अलीकडे धाप लागते."

"तुमच्या गाडीला मागून गाठणारं कुणी नव्हतं, लाई भाऊ," मावशी तव्यावरून मान न उचलता म्हणत. "तरी उशिराच पोचायची ती."

तिसऱ्या फेरीच्या सामन्याची ती सकाळ. मावशींना बोहानचा फोन आला असणार हे सगळ्यांना ठाऊक होते, म्हणून सगळे त्यांचा चेहरा वाचायला बघत होते. त्यामुळे त्या आमच्याकडे पाठ करून धिरडी घालत होत्या. लाई काकांनी त्यांच्या पाठीवरूनही अंदाज बांधले. एकदा म्हणाले जिंकला, एकदा म्हणाले हरला. उस्तादांनी टीव्हीकडे बघायचे टाळून माझ्यावर एक रॅकेट चढवली आणि काम सुरू केले.

पहिला सेट बोहानने घेतला. दुसऱ्यात चार-चार असताना त्याने सर्व्हिस मारली आणि हात झटकला. पुन्हा मारली, पुन्हा झटकला. डॉक्टर आत आले, कोपराला पट्टी बांधली. तो खेळत राहिला, पण त्याची सर्व्हिस गेली ती गेलीच. तो हरला. सामना संपल्यावर मावशी वळल्या आणि स्वतःच म्हणाल्या, की होलुबेक जिंकला आहे. लाई काकांनी कॅलेंडरवरचा आठचा आकडा खोडला.

त्यांना वाईट वाटले होते हे मी सांगू शकतो, कारण वाईट वाटले की ते वेडेवाकडे बोलतात. "दर वर्षी ऑक्टोबरलाच बरं दुखतं याचं कोपर," ते म्हणाले. "मी सांगतो, सोंग आहे ते. हरायला लागला की हात झटकायचा. मनानं कच्चा आहे पोरगा, दुसरं काही नाही."

उस्तादांचा हात माझ्या दांड्यावर थांबला. अर्धी जाळी झाली होती, तार चिमट्यात ताणलेली होती.

"सोंग नाही, लाई," ते म्हणाले. "ते कोपर मी बिघडवलंय."

लाई काका हसले. मग उस्तादांचा चेहरा पाहून त्यांचे हसू विरले. उस्तादांनी सगळे सांगितले. दवाखान्याचे दिवस, गंजलेला ब्रेक, काटा, अठ्ठावन्न. एका चौदा वर्षांच्या हाताला अर्धे वर्ष आठ पौंड जास्त. सांगताना ते कुणाकडेही बघत नव्हते, माझ्याकडे बघत होते. तव्यावरचे धिरडे करपले तरी कुणी हलले नाही. शेवटी मावशींनी गॅस बंद केला, हात पुसले आणि त्या दुकानात आल्या.

"उस्ताद, आम्हाला ते तेव्हाच कळलं होतं," त्या म्हणाल्या.

उस्तादांना आधी समजलेच नाही.

"डॉक्टरांनी रॅकेट बघायला मागितली. काओशुंगच्या प्रबोधिनीतल्या एका कोचकडे ताण मोजायचं यंत्र होतं, त्यावर अठ्ठावन्न निघाले. मी तुमच्याकडे भांडायलाच येणार होते. पण शूलानताई जाऊन चार दिवस झाले होते. बोहान मला म्हणाला, मावशी, आत्ता नको. आणि तुम्हाला बेचाळीस सांगायला लागला. आठवतंय? बेचाळीस सांगितले म्हणजे पन्नास मिळायचे त्याला."

"मी त्याची चेष्टा केली होती," उस्ताद म्हणाले. "म्हटलं, म्हाताऱ्यांसारखी सैल जाळी मागतोस."

"मग मार्चमध्ये एक रॅकेट घरी घेऊन आला, दोन फटके मारले आणि म्हणाला, मावशी, ही खरंच बेचाळीस आहे. उस्तादांना कळलंय. आता ते बोलतील, मग मी बोलेन." मावशींनी हातातले फडके माझ्या टेबलावर ठेवले. "दहा वर्षं वाट बघतोय तो."

लाई काकांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. बोहानला सोंगाड्या म्हटल्याबद्दल ते कुणाची तरी माफी मागू पाहत होते, पण कुणाची मागावी हे त्यांना कळेना. उस्तादांनी विचारले, डॉक्टर काय म्हणाले होते? मावशी म्हणाल्या, तारांमुळे असेल, वाढत्या वयामुळे असेल, रोज तीन-तीनशे सर्व्हिस मारायचा त्यामुळेही असेल. नक्की कुणालाच सांगता आले नाही. मित्रांनो, ते मलाही अजून माहीत नाही, आणि ही टोचणी माझी कधी जाईल असे वाटत नाही.

बोहान वर्षअखेरच्या स्पर्धेला गेला, पण राखीव म्हणून. आठांपैकी कुणी आजारी पडले तर खेळायचे. आठवडाभर तो बूट बांधून बसून राहिला. कुणी आजारी पडले नाही. नोव्हेंबरच्या शेवटी तो घरी आला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मंडळींचा वाद ऐन रंगात असताना दुकानात शिरला. एवढा उंच झाला आहे की दाराशी वाकावे लागले. लाई काकांनी आपली खुर्ची त्याला दिली. ते कुणाला खुर्ची देत नाहीत.

उस्ताद उभे राहिले. काय बोलायचे ते त्यांनी बरेच दिवस मनात घोळवले असावे, पण त्यातले थोडेच बाहेर आले. "पोरा, तुझ्या कोपराचं... मी त्याच दिवशी सांगायला हवं होतं."

"मीही," बोहान म्हणाला. मग त्याने पाठीवरच्या पिशवीतून एक रिकामी रॅकेट काढली आणि माझ्यावर ठेवली. "पन्नास द्या, उस्ताद. खरे पन्नास."

उस्तादांनी काटा काढून त्याच्या हातात दिला आणि ते म्हणाले, तूच बघ. बोहानने तो मला अडकवला, उस्तादांनी दांडा फिरवला. आयुष्यात हजारो तारा ओढल्या, पण तेवढा मी कधी घाबरलो नव्हतो. काटा पन्नासावर थांबला. मावशी दारात उभ्या राहून डोळे पुसत होत्या, आणि लाई काका पुढच्या वर्षी आठांत कोण येणार ते जरा जास्तच मोठ्याने सांगू लागले होते.

मित्रांनो, मला तुमच्याकडे दोन गोष्टी मागायच्या आहेत. तुमच्या घरात, शाळेत, दुकानात जे कुठले माप रोज वापरले जाते, त्याला अधूनमधून दुसरे माप लावून बघा. आम्ही यंत्रे चुकतो तेव्हा नेहमीच्याच आवाजात चुकतो. आणि चूक सापडली, तर यंत्र दुरुस्त करून गप्प बसू नका. ज्याच्या हाताला ती लागली आहे त्याच्याकडे त्याच दिवशी जा. उस्ताद आणि बोहान, दोघांचा एकमेकांवर जीव होता. दोघांनी एकमेकांना दुखवायचे नाही म्हणून दहा वर्षे तोंड उघडले नाही, आणि त्या दहा वर्षांत बोहान एकदाही या दुकानात आला नव्हता.