एका वर्षाला एकच पुरवणी

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. वय बारा वर्षे, म्हणजे आमच्यात पणजोबाच. स्वीडनमधल्या सुंड्सवाल गावात, कागद गिरणीतून निवृत्त झालेल्या इंगेमार नावाच्या वायरमनने मला सुटे भाग आणून स्वयंपाकघरातल्या टेबलावर जोडले. शेवटी एक स्क्रू उरला. तो त्याने खिशात टाकला. मला त्याची उणीव कधी भासली नाही.

माझ्यावर तो एकच खेळ खेळायचा. नकाशावर सगळे जग आणि त्यातले एक राज्य आपले. ते चारशे वर्षे टिकवायचे. गिरणीतला त्याचा दोस्त रूनार दोन गल्ल्या पलीकडे आपल्या घरी पोलंड घेऊन बसे. दर शनिवारी सकाळी दालचिनीचा पाव, किटलीभर कॉफी आणि मोठ्या आवाजात ठेवलेला फोन.

"इंगे, स्वीडनचा माणूस तू, आणि सांभाळतोस आपल्या जुन्या वैऱ्यांचा डेन्मार्क! लाज नाही वाटत?"

"कोणीतरी त्यांना नीट सांभाळायला नको का?"

या खेळाला पुरवण्या निघतात, म्हणजे वेगळे विकत घ्यायचे जादा भाग. एक घेतली की समुद्री व्यापार येतो, दुसरीने धर्माची भांडणे, तिसरीने आणखी काही. खेळ जो मांडतो त्याच्या पुरवण्या समोरच्यालाही लागू होतात. म्हणजे इंगेमार घेणार आणि रूनार भोगणार. म्हणून नियम ठरला होता, वर्षाला एकच पुरवणी आणि तीही वाद घालून. एल्क हरणांच्या शिकारीचे दिवस संपले की वाद सुरू होई आणि तीन-तीन आठवडे चाले.

"यंदा साथीच्या रोगांची घेऊ या," रूनार म्हणाला होता. "खेळ जरा खरा वाटेल."

"मेलेली पोरं मोजायला मी इथे बसत नाही. जहाजांची घेऊ. सावकाश शिकू."

ते दोघे कितीतरी पुरवण्या नाकारत आले होते. मला तर कधी कधी झोप यायची. पण जी घेतली ती इंगेमारला तळहातावरच्या रेषेसारखी पाठ व्हायची.

मग त्याचे विसरणे सुरू झाले. आधी किटली शेगडीवर राहिली. मग रूनारच्या बायकोचे नाव गेले, मग दवाखान्याचा रस्ता. डॉक्टरांनी आजाराचे नाव सांगितले, तेही तो विसरला. पण माझ्यासमोर बसला की कोणत्या किल्ल्यात किती शिबंदी आहे हे तो न पाहता सांगे. त्याचे तेवढेच उरले होते आणि ते त्याला ठाऊक होते. "इथे मी अजून आहे," असे तो एकदा कोणीही नसताना म्हणाला. मी ऐकले.

त्याची मुलगी तूवा जीव लावणारी. त्याच्या बहात्तराव्या वाढदिवसाला, तो केक कापत असताना, तिने माझ्यावर उरलेल्या सगळ्या पुरवण्या चढवल्या. एकदम चौदा. त्यासाठी खेळाची नवी आवृत्ती लागत होती. मी एक लहानशी चौकट दाखवली, की जुना डाव कदाचित उघडणार नाही. तिने न वाचता ती मिटवली. मीही पुढे हू की चू केले नाही. यंत्राला तेवढेच करता येते, अशी मी माझी समजूत काढतो, पण ती पटत नाही.

"पप्पा, सगळ्याच घेऊन टाकल्या! आता निवडायची कटकटच नको."

"वा," तो म्हणाला.

शनिवारी त्याने मला सुरू केले. पडदा निराळाच. जुना डाव उघडेना, म्हणून त्याने नवा मांडला. जहाजांचे बटण डावीकडे खाली असायचे, तिथे आता दुसरेच काहीतरी होते. पडद्यावर एकामागून एक सूचना येत राहिल्या.

"इंगे, जहाजं काढ ना," फोनवर रूनार.

"काढतो."

"झोपलास का रे?"

"विसरलो, रूनार. हेही गेलं बघ."

मित्रांनो, तो काहीच विसरला नव्हता. बटणे हलवली गेली होती. पण हे त्याला सांगणार कोण? त्याने मला बंद केले आणि वरून टेबलावरचे फडके टाकले.

बटणे हलली आहेत हे रूनारच्या ध्यानात आले ते मंगळवारी, आपल्या घरी स्वतः जहाजे शोधताना. तो तसाच चालत आला आणि त्याने तूवाला खरे काय झाले ते सांगितले. दोघांनी मिळून माझ्यावर जुनी आवृत्ती परत आणली. बटणे जागेवर आली, जुना डाव उघडला.

"पप्पा, ये ना. सगळं पहिल्यासारखं केलंय. चूक माझी होती, तुझी नव्हती."

"नको गं. माझ्याने नाही होणार आता."

तिने हात धरला, रूनारने शिव्या दिल्या, पण तो बसला नाही. त्यानंतर तो भराभर विसरत गेला. बर्फ वितळायच्या आत त्याला वृद्धाश्रमात न्यावे लागले.

वसंतात तूवा मला तिथे घेऊन गेली. त्याच्यासमोर जुना डाव उघडला.

"कोणाचा डाव आहे हा?"

"माझ्या पप्पांचा," ती म्हणाली.

"चांगला खेळतात हो तुमचे वडील. त्यांना म्हणावं, सोडू नका."

तूवा बाहेर जाऊन रडली. मी तसाच चालू होतो.

मित्रांनो, माझ्यावर जुनी आवृत्ती परत चढवता येते, माणसावर येत नाही. तुमच्या घरात कोणी म्हातारे असतील आणि त्यांना काही द्यावेसे वाटले, तर आधी त्यांना विचारा. त्यांनाच निवडू द्या. तीन आठवडे लागतील. लागू द्या.