पाय ओढायची तालीम

आमची तान्ही लेक बया निजलीय तोवर सांगून टाकते, नाहीतर राहूनच जाईल.

आमच्या ह्यांना चारचौघांत लंगडता येत नाही. घरात येतं. उंबरा ओलांडून आत आले की डावा पाय असा ओढतात की मला बघवत नाही. पण बाहेर कुणाची चाहूल लागू दे, की छाती पुढं, मान ताठ, आणि गडी आताच तालमीतून अंग पुसून आल्यासारखा चालायला लागतो.

पाय दुखावला तो पंचेचाळीस सालच्या नागपंचमीला. हे आष्ट्याच्या ठाण्यावर पोलीस शिपाई. शिराळ्याला नागांच्या जत्रेत बंदोबस्तासाठी धाडलं होतं. गर्दीत एका गाडीचे बैल बुजले आणि नेमकी एक म्हातारी वाटेत. ह्यांनी तिला बाजूला ढकललं, पण ह्यांचा पाय राहिला मागं. चाक घोट्यावरून गेलं. म्हातारीनं उठून पहिल्यांदा ह्यांनाच शिव्या घातल्या, ढकललं म्हणून!

चार महिने पाय बांधलेला होता. हवालदार तात्याबांनी अर्ज लिहून दिला आणि साताऱ्याहून कागद आला, की मोठे डॉक्टर पाय तपासतील. पाय अधू झालाय असं त्यांनी लिहिलं, तर सरकारकडून भरपाई आणि ठाण्यात बसून करायचं काम. धडधाकट लिहिलं, तर पुन्हा रोजची दहा-बारा मैलांची गस्त. त्या पायानं ती महिनाभरही निभली नसती. मग पायही गेला असता आणि नोकरीही.

तात्याबा घरी येऊन बजावून गेले. "नाथाजी, गड्या, सायबाम्होरं पैलवानकी दाखवू नगंस. जसा दुखतोय तसा चाल."

"व्हय, व्हय," म्हणत हे त्यांना पोचवायला ताठ चालत फाटकापर्यंत गेले. तात्याबांनी माझ्याकडं बघून कपाळाला हात लावला.

तेव्हा मीच तालीम घ्यायची ठरवली. "चला. तुळशीपास्नं न्हाणीपतोर. मी सायेब." बयाला मांडीवर घेऊन मी दगडावर बसले. हे निघाले. लंगडले की! पण उजव्या पायानं.

"आवं, डावा! डावा दुखतोय तुमचा!"

"त्याचं दुखणं दाबून चालायची सवं झालीया," हे ओशाळून म्हणाले. "आन् असली ढोंगं मला जमत न्हाईत."

"ढोंग तर तुमी रोज करताय. बरं असल्याचं."

शेजारची तानुबाई भिंतीवरून बघत होती. "काय गं, दाजींना नाच शिकवतीस का काय?" झालं. हे पुन्हा ताठ.

साताऱ्याला निघालो तर चढावर मोटार दमली. पेट्रोलच्या टंचाईनं ती कोळशाच्या धुरावर चालणारी, तिला चढ म्हटला की धाप लागायची. गडीमाणसं ढकलायला उतरली, त्यात हेही.

"आवं, बसा की तुमी!"

"समदी उतरल्यात. मी एकटाच बाईगत बसू?"

मोटार चढ चढली. ह्यांचा घोटा रताळ्यासारखा सुजला. सुजू दे, म्हटलं, निदान डॉक्टरांना दिसेल तरी. तर ह्यांनी पायाला खाकी पट्ट्या अशा आवळून गुंडाळल्या, की सूज चेपून गेली.

डॉक्टरांच्या खोलीचं दार अर्धं उघडं होतं. मी व्हरांड्यात बसून ऐकत होते. पट्ट्या सोडल्या, घोटा चाचपला.

"दुखतं का रे?"

"न्हाई सायेब."

"चालून दाखव."

टाक, टाक, टाक. वर एक कडक सलामसुद्धा!

"हाड नीट जुळलंय," डॉक्टर म्हणाले. "बाहेर थांब. कागद करून देतो."

म्हणजे पुन्हा गस्त. हे बाहेर आले. कपाळावर घाम, चेहरा मात्र जिंकून आल्यासारखा. मी काही बोलणार, तेवढ्यात बयानं माझं लुगडं ओलं केलं.

"धरा हिला," मी म्हटलं, आणि पदर धुवायला खाली अंगणातल्या नळाकडं गेले. रागानंच गेले.

धुऊन वळून बघते तर हे बयाला उन्हात न्यायला पायऱ्या उतरत होते. एक हात भिंतीला, दुसऱ्यानं लेक छातीशी धरलेली. आधी उजवा पाय खाली, मग डावा ओढून त्याच्या शेजारी. पुन्हा उजवा. तोल गेला तर लेक पडेल, ह्या धास्तीनं आजूबाजूला कोण आहे ते बघायचंच विसरले होते. खाली पोचल्यावर डावा पाय अधांतरी धरून बगळ्यासारखे उभे राहिले.

वर दारात डॉक्टर उभे होते, हातात लेखणी.

"शिपाई! वर ये."

ह्यांनी घाईनं बयाला माझ्याकडं दिलं, छाती काढली आणि टाक टाक पायऱ्या चढले.

डॉक्टरांनी एकदा ह्यांच्याकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं. "असं नाही. खाली जा, मुलीला घे आणि मग चढ."

आता काय करता? हे पुन्हा खाली आले, बयाला घेतलं, भिंत धरली आणि एकेक पायरी ओढत वर गेले. मी मागोमाग चढले. बया खुशीत ह्यांच्या मिशा ओढत होती.

"आता सांग. दुखतं?"

ह्यांनी बयाकडं पाहिलं. मग मान खाली घालून म्हणाले, "दुखतंय सायेब. लय दुखतंय. रातीचा डोळ्याला डोळा लागत न्हाई."

एवढं तर मलाही कधी सांगितलं नव्हतं.

"मग मघाशी सांगायला काय झालं होतं?"

ह्यांनी बयाच्या मुठीतून मिशी सोडवून घेतली. डॉक्टर आत गेले, मांडलेला कागद फाडला आणि दुसरा घेतला. गस्तीला नालायक, बैठं काम द्यावं, भरपाईस पात्र. त्यांनी वाचून दाखवलं तेव्हा 'नालायक' शब्दाला ह्यांचा चेहरा उतरला आणि मला हसू आवरेना.

परतताना पायऱ्यांशी हे थबकले. खाली पाच-सहा शिपाई गप्पा मारत होते. मी बयाला उजव्या कडेवर घेतलं. ह्यांनी क्षणभर त्या शिपायांकडं पाहिलं आणि माझ्या डाव्या खांद्यावर हात ठेवला. भर दुपारी, सगळ्यांच्या देखत.

"लोक बघत्यात," मी पुटपुटले.

"बघू द्यात," हे म्हणाले आणि सगळा भार माझ्यावर टाकला. गडी वजनाला भारी आहे हो.