चतुराबाईकडे ठेवलेलं प्रस्थान

जावईबापूंनी दिल्लीहून विमानाचं तिकीट पाठवलं आणि हिंगोलीच्या आमच्या गल्लीत माझा भाव एकदम वधारला. आमच्या ताराचं पहिलं बाळंतपण, दिवस भरत आलेले, आणि डॉक्टरीणबाईंनी तिला प्रवासाची बंदी केलेली. म्हणजे लेकीनं माहेरी यायच्या ऐवजी आईनंच तिकडं धावायचं. रेल्वेनं मी पोचेपर्यंत बारसंसुद्धा उरकलं असतं. जावयांनी लिहिलं होतं, हैदराबादच्या विमानतळापासून दिल्लीचं विमानतळ चारशे कोस, मधे थांबत थांबत सात तास.

"सात तासांत आपली बैलगाडी नरसीला जाऊन येते," आमचे हे म्हणाले.

पण ह्यांची खरी अडचण दिशेची. दिल्ली उत्तरेला, विमान मात्र दक्षिणेला हैदराबादला गाठायचं, आणि आगगाडी गुरुवारची. गुरुवारी दक्षिणेला दिशाशूल, म्हणजे तिकडं निघणं अशुभ. मी म्हटलं, "अहो, शेवटी उत्तरेलाच चाललेय ना मी?" तर म्हणे, "पाय कुठं निघतात ते बघायचं असतं." ह्यांच्याशी वाद घालणं म्हणजे भिंतीवर डोकं आपटणं.

मग बुधवारीच मुहूर्तावर प्रस्थान ठेवलं. माझं एक लुगडं, तांदूळ, सुपारी असं गाठोडं दक्षिणेच्या अंगाला, गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या चतुराबाईच्या घरी. म्हणजे मी बुधवारीच निघाले असं धरायचं, आणि गुरुवारी जाताना ते उचलायचं. ह्यांनी वर जास्तीचं शहाणपण केलं. तिकीटही त्यातच बांधलं. "मुख्य वस्तू मुहूर्तावर निघालेली बरी."

गुरुवारी टांगा दारात, आणि चतुराबाईच्या दाराला हे एवढं कुलूप.

आगगाडी चुकली की विमान चुकलं, आणि तारा तिकडं परक्या गावात एकटी. मी ह्यांना बोलले, पंचांगाला बोलले, चतुराबाईला तर काय काय बोलले ते देवालाच ठाऊक. तेवढ्यात मोळीवाली पेमा म्हणाली, "चतुराबाई? ती गठुडं घेऊन टेसनाकडं गेली की फाटंच."

स्टेशनावर चतुराबाई बाकावर बसलेल्या, गाठोडं मांडीवर, दोन्ही हात त्यावर.

"अहो, इथं काहून येऊन बसलात?" मी जरा चिडूनच विचारलं.

"तुमाला उशीर झाला असता, वैनी, तर माझं दार वाजवण्यात वेळ गेला असता. म्हनलं, आपुनच पुढं जाऊन बसावं." गाठोडं माझ्या हातात देऊन त्या हळूच म्हणाल्या, "माझी आशा बाळापूरला बाळंत झाली तवा मी निघाले व्हते. बारा कोस. कयाधूला पूर आला, मी अलीकडंच राहिले. पानी उतरल्यावर पोचले तर पोरगी न्हाई अन् लेकरूबी न्हाई. तुमी पोचा."

इतकी वर्षं शेजारी राहून मला हे माहीत नव्हतं. मघाशी जे बोलले त्याची लाज वाटली. मी त्यांचे हात धरले, आणि गाडी आली.

विमानात दडे बसून कान फुटायला आले, पण मला दुसरंच सुचत होतं. शेजारच्या गृहस्थांना विचारलं, "बारा कोसाला किती वेळ लागतो हो ह्याला?"

त्यांनी मनाशी हिशेब केला. "दहा मिनिटं."

मी पोचले. तिसऱ्या दिवशी नात झाली, दोघी सुखरूप. परत आल्यावर चतुराबाईला सगळं सांगितलं. ढग सांगितले, दिल्ली सांगितली, नातीचं जावळ सांगितलं. त्या हसत हसत ऐकत होत्या. तेवढी दहा मिनिटं मात्र मी त्यांना कधीच सांगितली नाहीत.