डब्यांसाठी जागा

नाणी जमवणाऱ्याला लोक श्रीमंत समजतात. समजोत बापडे. माझी सगळी नाणी शेरभर मापात मावली असती. घोडं अडलं होतं ते त्यांच्या डब्यांपाशी.

मी निफाडकडचा. तारापूरला अणुवीज केंद्राचं बांधकाम निघालं तेव्हा एका कंत्राटदाराच्या गोदामात स्टोअरकीपर म्हणून लागलो. गोदामाचा एक नियम माझ्या हाडीमाशी खिळला होता: सीलबंद खोक्यातला माल तो माल, खोकं फुटलं की तो भंगाराचा भाऊ. नाण्यांनाही मी तोच नियम लावला. सत्तावन्न साली नवे पैसे आले, तेव्हाची कागदी पुडकी मी न फोडता ठेवली होती. मुंबईच्या टांकसाळीचा एक संच होता, निळ्या मखमलीत प्रत्येक नाण्याला वेगळी खाच. नेहरूंचा चौसष्टचा रुपया होता, पुठ्ठ्याच्या पाकिटासकट. बडोद्याचे, इंदूरचे जुने पैसे होते, त्यांना मी स्वतः पुठ्ठ्याच्या डब्या केल्या होत्या. प्रत्येक डबीवर चिठ्ठी, झाकणाच्या आत पूर्ण यादी, आणि हे सगळं पोटात घेणारी साडेतीन फुटांची पत्र्याची पेटी.

बोईसरजवळ कामगारांच्या पत्र्याच्या चाळीत आम्हाला खोली मिळाली. खोली कसली, अर्धी खोली. मधे गोणपाटाचा पडदा, पलीकडे पुंजाराम फिटर आणि त्याची बायको. आमच्या वाट्याला दहा फूट बाय पाच फूट. त्यात चूल, पाण्याचे हंडे, मी, मैना, तीन वर्षांची राही, आणि पेटी. नंतर बळवंत झाला. त्याची झोळी छपराच्या वाशाला टांगली, पण खालून ओलं गळायचं ते कुठे टांगणार?

"अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात," मैना म्हणायची. "इथं पाय तोडून अंथरुणावर ठेवायची पाळी आलीय. त्या डब्या टाका ना हो. नाणी एका फडक्यात बांधू."

"डबीशिवाय नाण्याला किंमत नाही."

"आणि माणसाला?"

बायकांना संग्रहातलं काय कळतं, असं मला तेव्हा खरोखर वाटायचं. आज ते लिहितानाही लाज वाटते.

एका दुपारी कामावरून लवकर आलो. राही पेटीवर झोपली होती. मैनाने खाली गोधडी घालून तिला तिथे निजवलं होतं, आणि बरोबर मावली होती पोरगी, पाय जरा मुडपून. झाकणाचा पत्रा मधोमध वाकलेला दिसला. खालचे पुठ्ठे दबतील, मखमलीच्या संचाची कड मोडेल, एवढंच माझ्या डोक्यात आलं. मी तिला झोपेतच उचललं आणि उंबऱ्याजवळच्या ओलसर जमिनीवर ठेवलं. ती जागी झाली नाही. मैना हंडा भरून आली, तिने पाहिलं, आणि हंडा उतरवला. ती भांडली असती तर बरं झालं असतं.

त्या पावसाळ्यात राहीला खोकला धरला. उंबऱ्याशी निजून निजून छातीत कफ भरला. माझी बहीण सोजरा निफाडहून बाळाला बघायला आली होती. तिला तीन मुलगे, मुलगी नाही. ती म्हणाली, "दादा, पक्की खोली मिळेपर्यंत राहीला मी नेते." मी लगेच हो म्हणालो. चार-सहा महिन्यांचा प्रश्न होता, पक्क्या चाळी बांधून होतच आल्या होत्या.

होतच आल्या होत्या, त्या दोन वर्षं होतच राहिल्या.

पहिल्या दिवाळीला मैना निफाडला जाऊन आली. निघताना राहीने असा आकांत केला की सोजराने नंतर पत्रच लिहिलं: काही दिवस कुणी येऊ नका, पोरगी जीव लावून घेते आणि मग आठ दिवस जेवत नाही, जरा रुळू द्या. आम्ही रुळू दिलं. मैना दर महिन्याला पत्र लिहायला लावायची, मी लिहायचो, आणि खाली 'राहीला गोड पापा' असं तिच्या सांगण्यावरून घालायचो.

या काळात पेटी मी एकदाही उघडली नाही. उघडली की खारी हवा आत जाणार. सीलबंद ते सुरक्षित, हा माझा हिशेब. पश्चिमेच्या भिंतीला टेकवून, वर मेणकापड घालून, कडेच्या फटींना लाख लावून मी ती ठेवली होती.

माहीमचे, म्हणजे मुंबईच्या नव्हे, आमच्याच किनाऱ्यावरच्या माहीमचे, दिनानाथ वाडीवाले होते. पानवेलीची वाडी, जुन्या नाण्यांचा नाद, त्यामुळे आमची ओळख. सायकलवर यायचे, माझ्या वहीत उतरवलेली यादी वाचायचे आणि चहा पिऊन जायचे. राहीला पाठवलं त्याच वर्षी ते म्हणाले होते, "चंद्रभान, आमच्या घरी माळा हाय, कोरडा ठाक. पेटी तिकडे ठेवा नि पोरीला आणा. तुमी कवाही या नि बघा." मला वाटलं, याचा डोळा आहे संचावर. मी हसून विषय टाळला.

अडुसष्टच्या मे महिन्यात सोजराचं पत्र आलं. जूनमध्ये राहीला शाळेत घालायची आहे, इथे की तिकडे ते कळव. मैनाने पत्र माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं. मग म्हणाली, "पोरगी शाळेत बसायच्या आत इथं आली पाहिजे. नाहीतर मी बळवंतला घेऊन निफाडला जाते. मग तुम्ही आणि तुमच्या डब्या, पसरा पाय."

मी दिनानाथांना निरोप धाडला. रविवारी ते बैलगाडी घेऊन आले. दोघं मिळून पेटी उचलणार, एवढ्यात माझ्यातला स्टोअरकीपर जागा झाला. माल ताब्यात द्यायचा तर यादीप्रमाणे मोजून द्यायचा आणि सही घ्यायची. मी लाख खरवडली आणि झाकण उघडलं.

आधी वास आला. ओल्या पुठ्ठ्याचा, आंबूस. भिंतीकडच्या तळाला गंजून बोटभर भोक पडलं होतं, आणि बंद पेटीत ओल आत गेली ती बाहेर निघालीच नव्हती. खालच्या डब्यांचा लगदा झाला होता. वरच्या डब्यांवरच्या चिठ्ठ्या कसरीने खाल्ल्या होत्या. नेहरूंचा रुपया पाकिटाला चिकटून बसला होता. नव्या पैशांची पुडकी हातात घेतली तशी फुटली, आत हिरव्या कळंकाचे गोळे. मखमल बुरशीने पांढरी झाली होती, आणि खाचेतून नाणी निघेनात.

दिनानाथ गाडीला टेकून उभे होते. "दर उन्हाळ्यात उघडून उन दाखवायचं असतं वो," ते हळूच म्हणाले. "आमी पानाची करंडीसुद्धा झाकून ठेवत नाय. झाकलं की कुजतं. मला वाटलं तुमाला ठाव हाय." आता वरातीमागून घोडं नाचवून काय उपयोग? मी झाकण लावलं. पेटी गाडीत चढवली, माळ्यावर नाही, भंगारवाल्याकडे. मैनाने वर मान करून पाहिलंही नाही. ती मोकळी झालेली जागा शेणाने सारवत होती, आणि गुणगुणत होती. दोन वर्षांत तिला गुणगुणताना मी ऐकलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी निफाडला पोचलो. सोजराच्या अंगणात चार पोरं खेळत होती. मला पाहताच चौघं धावत आली. "मामा आले! मामा आले!"

चौघांत एक राही होती. उंच झाली होती, दोन वेण्या, गालावर पहिल्यासारखी खळी. भावंडांच्या सुरात सूर मिसळून तीही मामाच म्हणत होती, आणि माझ्या पिशवीत खाऊ आहे का ते बघत होती.

"अगं, बाबा आहेत तुझे," सोजरा घाईने बाहेर आली. "पोरांचं ऐकून म्हणते दादा, मनावर घेऊ नकोस. मी किती वेळा सांगते तिला."

राहीने सोजराकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि शहाण्या मुलीसारखी म्हणाली, "बाबा." लगेच वळून सोजराला विचारलं, "आता जाऊ, आई?"

दोन दिवस राहिलो. तिला समुद्राचं सांगितलं, बळवंतचं सांगितलं, तिला झोपायला किती ऐसपैस जागा केलीय ते हात पसरून दाखवलं. तिने सगळं ऐकून घेतलं. "आई पण येणार असली तर येते," म्हणाली. तिसऱ्या सकाळी सोजराने तिचे कपडे बांधून दिले. एसटीपर्यंत ती नीट आली. गाडी दिसली तशी तिने सोजराच्या लुगड्याला जी मिठी घातली, ती सुटेना. ती रडत होती, सोजरा रडत होती, कंडक्टर घंटी मारत होता. बाप होतो मी, उचलून नेता आली असती. माझा हात पुढे झाला नाही. मी कपड्यांचं गाठोडं सोजराच्या हातात दिलं आणि एकटाच गाडीत चढलो.

मैना दारातच उभी होती. भिंतीशी नवी गोधडी अंथरलेली, वर छोटी उशी. तिने माझ्या पाठीमागे पाहिलं, मग रस्त्यावर पाहिलं.

"शाळेत घातलंय तिला," मी म्हणालो. "दिवाळीत आणू."

ती आत गेली. गोधडीची घडी घालायला लागली, ती घालतच राहिली. पाठमोरीच म्हणाली, "माझं नाव काढलं का हो तिनं?"

"काढलं," मी म्हणालो.

ते खोटं नव्हतं. गेल्या गेल्या पाय धुवायला पाणी देताना राहीने मला विचारलं होतं, "मामी नाही आल्या?"