काळ्या पायांचा कुरव

"काळे पाय! आत्या, हाच तो दुर्मिळ कुरव!" दुर्बिणीला डोळे चिकटवून टिटवी कुजबुजली. तिच्या बडबडीमुळे आत्यानेच तिचं हे नाव पाडलं होतं. किनाऱ्यावरच्या बाकीच्या कुरवांचे, म्हणजे सीगल पक्ष्यांचे, पाय पिवळे होते. टिटवीने उत्साहात पक्षीमित्रांच्या ग्रुपवर फोटो टाकलासुद्धा, आणि मंडळी गाड्या काढून निघालीही.

"बाईसाहेब, तो उभा कुठे आहे ते बघा की," आत्या म्हणाली.

गटाराच्या चिखलात! टिटवीने पुन्हा दुर्बीण लावली. कुरव डुलत डुलत पाण्यात शिरला. तिने श्वास रोखला. तो बाहेर आला तेव्हा पाय पिवळेधमक होते.

"उडून गेला म्हणून सांगूया?" आत्याने डोळे मिचकावले.

टिटवीचे कान तापले. "नको. हसू देत सगळे मला," म्हणत तिने ग्रुपवर लिहिलं, 'माझंच चुकलं. गाड्या वळवा. पाय चिखलाने माखले होते.'